बफिंगनंतर रंग धुरकट का दिसतो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : काळ्या सेडानचं नुकतंच रबिंग-पॉलिश करून घेतलं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली गाडी लखलखीत होती. दोनदा धुतल्यावर मात्र उन्हात बोनेटवर तिरक्या पट्ट्या दिसतात आणि आपण हललो की त्याही हलतात. दुकानदार म्हणतो, वॅक्स मारा, जाईल. (पुणे)

उत्तर : वॅक्सने झाकलं जाईल, जाणार नाही. या पट्ट्यांना धंद्यात होलोग्राम म्हणतात. रोटरी मशिनवर (ज्यात पॅड एकाच आसाभोवती फिरतं) लोकरीचं पॅड आणि जाड कंपाउंड (जास्त घासणारी पेस्ट) लावून काम केलं की क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, अतिबारीक ओरखड्यांच्या पट्ट्या उठतात. कंपाउंडमधलं तेल त्यांत भरून राहतं, म्हणून ताबा घेताना गाडी झकास दिसते. धुण्यात तेल निघून गेलं की खरा पृष्ठभाग उघडा पडतो. ट्यूबलाइटचा पसरट उजेड हे ओरखडे दाखवतच नाही. त्यासाठी ऊन तरी हवं, नाहीतर अंधारात मोबाइलचा टॉर्च.

इथे पुन्हा रबिंग नको. राहिला आहे तो शेवटचा हात : डीए मशिन (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड फिरतं आणि हेलकावतंही), मऊ फिनिशिंग फोम आणि बारीक पॉलिश. गाडी त्याच दुकानात परत न्यायची असेल तर आधी एवढंच विचारा, 'फिनिशिंग कोणत्या मशिनवर करणार?' उत्तर 'त्याच रोटरीवर, त्याच लोकरीवर' असं आलं तर दुसरं दुकान बघा.

प्रश्न : घरीच १५ मिमी थ्रोचं (पॅडच्या हेलकाव्याचं माप) डीए मशिन, मायक्रोफायबर पॅड आणि कंपाउंड वापरून करड्या हॅचबॅकचे ओरखडे काढले. ओरखडे गेले, पण बोनेटवर दुधाळ झाक आली आहे. फिनिशिंग पॉलिश मारून पाहिलं, फार फरक नाही. (नाशिक)

उत्तर : ही झाक म्हणजे नुसता उरलेला तेलकट थर आहे की रंगावरचे ओरखडे, हे आधी ठरवा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल १५० मिली आणि डिस्टिल्ड वॉटर ८५० मिली असं मिश्रण करा. थंड पत्र्यावर थोडं फवारून स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. नुसतं अल्कोहोल वापरू नका, ताजा किंवा नरम रंग त्याने फुगतो. ते पेट घेणारं असतं, तेव्हा जवळ विडी-सिगारेट नको. पुसल्यावर झाक गेली तर तो थर होता, काम संपलं. राहिली किंवा वाढली तर ते पॅडचे बारीक ओरखडे आहेत. मायक्रोफायबरचे धागे कापतात छान, पण नरम रंगावर असा धुरकटपणा हमखास ठेवून जातात, आणि गडद रंगावर तो जास्त दिसतो.

आता बोनेटच्या कोपऱ्यात साधारण ५० सेंमी चौरस जागा घेऊन तिथेच प्रयोग करा. सावली हवी आणि पत्रा हाताला गार लागायला हवा. नवीन किंवा धुऊन पूर्ण वाळवलेलं फोम पॅड घ्या. पहिल्यांदा वापरताना पॉलिशचे पाच-सहा थेंब, पुढे तीन-चार पुरेत. स्पीड सहापैकी तीन-चार. हात सेकंदाला दोन-तीन सेंमी सरकावा, आडवे-उभे मिळून चार ते सहा फेरे, आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत जोर काढून मशिनच्या वजनावरच काम करा. बॅकिंग प्लेटवर मार्करने एक रेघ मारून ठेवा : रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती जागच्या जागी थरथरत असेल तर तुम्ही दाबताय आणि पॅड फिरणं थांबलंय.

फिनिशिंगनेही फरक पडला नाही, याचं नेहमीचं कारण असतं मळकं पॅड. कापलेला क्लिअर कोट आणि सुकलेलं कंपाउंड त्यात अडकतं आणि बारीक पॉलिशही जाड कंपाउंडसारखं घासतं. प्रत्येक भागानंतर नायलॉनच्या ब्रशने पॅड झाडा आणि दर पॅनेलला (बोनेट, दरवाजा असा एकेक भाग) पॅड बदला. कंपाउंडचं पॅड पॉलिशसाठी वापरायचंच नाही, धुतलं तरी नाही.

दुसरं कारण पॉलिशच्या जातीत आहे. काही पॉलिशमधले कण घासता घासता बारीक होत जातात. त्यांचं काम अर्ध्यावर सोडलं तर धूसरपणा राहतो. काहींचे कण तेवढेच राहतात. ती कोरडी पडेपर्यंत घासली तर उलट ओरखडे वाढतात. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. एवढं करूनही झाक राहिली तर मध्ये मध्यम फोमची एक पायरी घ्या आणि मग पुन्हा मऊ फोमवर या.

प्रश्न : गॅरेजमध्ये दरवाजा रंगवून घेतला. गाडी घरी आणली तेव्हा चकाकत होता, महिन्याभरात मंद पडला आणि खालचे घासलेले ओरखडे उमटले. मशिन मारू का? (कोल्हापूर)

उत्तर : हा दोष मशिनचा नाही. रंगातला थिनर सावकाश उडतो, तसा थर आकसतो आणि खालच्या प्रायमरवरच्या पॉलिश पेपरच्या रेघांत बसतो. कोट जाड मारले, मधला वाळण्याचा वेळ दिला नाही किंवा हार्डनर कमी पडला की असं होतं. अजून महिनाभर थांबा. आकसणं चालू असताना घासलं तर चकाकी येते आणि पुन्हा जाते. मग २००० आणि ३००० ग्रिटच्या पॉलिश पेपरने (आकडा मोठा तितका पेपर बारीक) ओलं घासून कंपाउंड, फिनिशिंग करता येईल, पण क्लिअर कोट पुरेसा जाड असेल तरच. ३२० ग्रिटच्या ठळक रेघा खालून वर आल्या असतील तर पॉलिशने फारसं काही साधत नाही. गॅरेजवाल्याकडून दरवाजा पुन्हा रंगवून घ्या.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, एनसी पेंट (नायट्रोसेल्युलोज, थिनर उडून वाळणारा रंग) मारताना दुसरीच गंमत होते. जलद उडणारा थिनर पृष्ठभाग गार करतो, हवेतला ओलावा तिथे जमतो आणि रंग पांढुरका पडतो. तिथे स्लो (सावकाश उडणारा) थिनर वापरतात किंवा कोरड्या दिवसाची वाट बघतात.

प्रश्न : नऊ वर्षांच्या लाल गाडीवर पॉलिश करताना पॅड लाल झालं. टपावर पांढरे चट्टेही आहेत. (ठाणे)

उत्तर : मशिन बंद करा. क्लिअर कोट असलेल्या रंगावर पॅडला गाडीचा रंग लागत नाही. लागला, तर एक तर रंग एकाच थराचा आहे, काही साध्या लाल-पांढऱ्या रंगांत असं असतं, किंवा क्लिअर कोट संपलाय. चट्ट्यांची कड नखाला लागत असेल आणि तिथून पापुद्रा सुटत असेल, तर क्लिअर कोट उखडलाय. त्यावर उपाय एकच, टप रंगवणं.

कंपनीतून आलेल्या गाडीवर एकूण रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, त्यात क्लिअर कोट ३५ ते ५०. जाडी मोजायचं मीटर एकूण जाडी दाखवतं, क्लिअर किती उरला ते सांगत नाही. साधं मीटर प्लास्टिकच्या बंपरवर चालतही नाही. कडा आणि उठावाच्या रेषांवर थर सर्वांत पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावूनच मशिन धरा.

प्रश्न : धूसर रंगावर सिरॅमिक कोटिंग केलं तर झाक लपेल का? (पणजी)

उत्तर : नाही, कोटिंगखाली ती कोंडली जाईल. पुढे काढायची तर आधी कोटिंग घासावं लागेल. कोटिंगनंतरच इंद्रधनुषी किंवा काळपट डाग दिसले तर तो जास्तीचा थर पुसायचा राहिलेला आहे. लगेच लक्षात आलं तर त्याच कोटिंगचा एक थेंब टाकून ओला करा आणि पुसून घ्या. पूर्ण वाळल्यावर मात्र तेवढी जागा पॉलिश करून पुन्हा कोटिंग लावावं लागतं.