जुन्या मशीनला हार्ड डिस्क: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: घरी तंबाखूच्या हिशोबाचा जुना ४८६ डीएक्स२ आहे, ६६ मेगाहर्ट्‌झचा, डॉस ६.२२ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा. त्यातली २१० एमबीची डिस्क सुरू होताना करवतीसारखी ओरडते. पेंटियम-४ कॉम्प्युटरमधून काढलेली ४० जीबीची आयडीई डिस्क पडून आहे, ती लावली तर चालेल का? (वाचक, निपाणी)

उत्तर: नाही चालणार. आयडीई ही जुन्या डिस्कची जोडणी, आणि तिचा ४० पिनांचा कनेक्टर दोन्हीकडे तोच असल्यामुळे ती बसेल मात्र झकास, आणि माणूस फसतो तो तिथेच. त्या काळच्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला) डिस्कची जागा १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यापलीकडे मोजता येत नाही. सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे गुणाकार होतो ५२,८४,८२,३०४ बाइट. सेटअपमध्ये, म्हणजे बायोसच्या सेटिंगच्या पडद्यावर, हेच ५०४ एमबी दिसतं (एमबी १०,४८,५७६ बाइटचा धरून). मोठी डिस्क जोडली की मशीन एकतर ओळखतानाच अडकतं, नाहीतर ५०४ एमबी दाखवून बाकीची सोडून देतं. सेटअपमध्ये ‘एलबीए’ (सेक्टरना सरळ क्रमांक देऊन मोजायची पद्धत) हा पर्याय दिसत असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या मशीनच्या वयाच्या बोर्डावर तो बहुधा नसतो.

त्याच मापाची जुनी डिस्क शोधण्यात अर्थ नाही, तिचंही वय तेवढंच असणार. आमच्या मते २५६ किंवा ५१२ एमबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि त्याचं ४० पिनी आयडीई अडॅप्टर घ्या. कार्ड मूळ आयडीईचीच भाषा बोलतं, त्यामुळे अडॅप्टरमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. ५१२ एमबीचं कार्ड बहुतेक वेळा १०२४ सिलिंडरच्या आत बसतं, कारण कार्डावरचा एमबी दहा लाख बाइटचा असतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्या जुन्या स्टुडिओंच्या कपाटात अशी कार्डं निघतात, आणि बेळगावात उद्यमबागेत ओळख असेल तर तिथेही विचारा, सीएनसी मशीनवर प्रोग्राम चढवायला हीच कार्डं वापरली जातात.

आता क्रम. आधी जुनी डिस्क चालू असतानाच सेटअपमधले तिचे सिलिंडर, हेड, सेक्टर कागदावर उतरवा. बॅटरी मेली की हे आकडे जातात आणि धडधाकट डिस्कही मुकी होते. मग ती काढून ठेवा आणि कार्ड एकटंच, मास्टर (केबलवरची पहिली डिस्क) जंपरवर, लावा. केबलची लाल कड एक नंबरच्या पिनेकडे. सेटअपमध्ये ऑटो डिटेक्ट करा, नसेल तर टाइप ४७ घेऊन आकडे हाताने भरा. फ्लॉपीवरून एफडिस्क (डिस्कचे भाग पाडणारा डॉसचा प्रोग्राम) चालवून प्रायमरी पार्टिशन करा, मशीन त्यावरूनच सुरू व्हावं म्हणून ते अ‍ॅक्टिव्ह करा, मशीन परत चालू करून ‘फॉरमॅट सी: /एस’ द्या. फ्लॉपी त्याच डॉस आवृत्तीची हवी. नाहीतर नंतर जुन्या डिस्कवरची कमांड डॉट कॉम ही डॉसची फाइल नव्यावर येऊन बसते आणि मशीन ‘इनकरेक्ट डॉस व्हर्जन’ म्हणतं.

हे सगळं ४८६ वरच करायचं. नव्या कॉम्प्युटरवर फॉरमॅट करून आणलेल्या कार्डाची हेड-सेक्टरची मांडणी वेगळी असते, मग ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ येतं. ‘नो रॉम बेसिक’ आलं तर पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह करायचं राहिलं असं समजा. आणि बीप होऊन नुसताच कर्सर लुकलुकत राहिला, तर कार्डावर आधीचा कॅमेऱ्याचा बूट सेक्टर शिल्लक आहे. एफडिस्क तो आपणहून बदलत नाही, त्यासाठी ‘एफडिस्क /एमबीआर’ द्यावं लागतं.

कार्डावरून बूट झालं की मशीन बंद करून जुनी डिस्क स्लेव्ह (केबलवरची दुसरी डिस्क) म्हणून जोडा. ती आता डी: झाली. ‘एक्सकॉपी डी:\*.* सी:\ /एस /ई’ दिलं की माल इकडे येतो, फक्त लपवलेल्या फाइली येत नाहीत. त्या ‘डीआयआर डी:\ /एएच /एस’ ने पाहून घ्या, हिशोबाच्या काही पॅकेजांना अशी सवय होती. दोन्ही एका केबलवर नांदत नसतील तर जुन्या डिस्कचे जंपर तपासा, काही कंपन्यांच्या डिस्कना ‘एकटी’ आणि ‘मास्टर’ अशा दोन वेगळ्या जागा असतात. यूएसबी अडॅप्टरने जुनी डिस्क लॅपटॉपला लावायच्या भानगडीत पडू नका. एलबीए न जाणणारी डिस्क त्यातल्या बऱ्याच अडॅप्टरना दिसतच नाही, आणि लोक समजतात डिस्क मेली.

मोठं कार्ड हवंच असेल तर एक्सटी-आयडीई बायोस हा मोठ्या डिस्क ओळखणारा फुकटचा प्रोग्राम रॉम चिपवर लिहून नेटवर्क कार्डाच्या रिकाम्या सॉकेटमध्ये बसवता येतो. पण डॉसचं पार्टिशन २ जीबीच्या वर जात नाही आणि त्या मापाला क्लस्टर (फाइलला जागा देण्याचं सर्वात लहान माप) ३२ केबीचा होतो, म्हणजे १ केबीची पावतीही ३२ केबी जागा खाते. हिशोबाच्या मशीनला ५०० एमबी म्हणजे चैन आहे.

प्रश्न: एक्सटी मशीन (४८६ च्याही आधीच्या पिढीचा पीसी) चालू केलं की १७०१ असा आकडा येतो. आत सीगेट एसटी-२२५ आहे, दोन पट्ट्या जोडलेल्या. यावर आयडीई डिस्क लागेल का? (वाचक, खानापूर)

उत्तर: ३४ आणि २० पिनांच्या दोन पट्ट्या म्हणजे एमएफएम डिस्क, आयडीईच्या आधीची पद्धत. तिच्या कंट्रोलर कार्डाला आयडीई लागत नाही. आणि १६ बिटी आयडीई कार्ड एक्सटीच्या ८ बिटी स्लॉटला चालत नाही. ८ बिटी एक्सटी-आयडीई कार्ड मिळतं, तेच घ्या. त्याची रॉम आणि जुन्या कंट्रोलरची रॉम दोन्ही मेमरीच्या सी८०० या पत्त्यावर आली तर मशीन तिथेच गोठतं. जुनं कार्ड ठेवायचं असेल तर नव्याचा पत्ता डी००० करा.

पण १७०१ हा हार्ड डिस्कच्या बिघाडाचा आकडा असला तरी डिस्क गेलीच असं नाही. तुमच्याकडचा पाऊस पाहता आधी कार्डाची सोनेरी बोटं खोडरबराने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पट्ट्यांचे कनेक्टर दोनतीनदा काढून घाला. मोटर फिरतच नसेल तर हेड प्लेटीला चिकटलेलं असू शकतं. वीज बंद करून डिस्क बाहेर घ्या, आडवी धरून मनगटाने झटकन थोडी गोल फिरवा. आपटायची नाही. फिरली तर त्याच बैठकीत माल काढून घ्या, पुन्हा फिरेल याची खात्री नसते.

डिस्क आणि कंट्रोलर यांची जोडी फोडू नका. एका कार्डावर फॉरमॅट झालेली एमएफएम डिस्क दुसऱ्या बनावटीच्या कार्डावर सहसा वाचली जात नाही. भंगारात दोन्ही वेगळी झाली की माल गेला. माल काढून झाल्यावर, किंवा नकोच असेल तर, डॉसच्या डीबग प्रोग्राममधून ‘जी=सी८००:५’ देऊन लो-लेव्हल फॉरमॅट (ट्रॅक आणि सेक्टर नव्याने आखणं) करता येतो (वेस्टर्न डिजिटलच्या कंट्रोलरवर हाच पत्ता). आकडे: ६१५ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर. मशीन अर्धा तास तापू द्या आणि डिस्क ज्या बाजूवर कायम राहणार त्याच बाजूवर ठेवून करा. आयडीई डिस्कवर हा प्रयोग करायचा नाही. आणि नव्या कार्डावर डॉस ३.३ घालणार असाल तर पार्टिशन ३२ एमबीपर्यंतच होतं. डॉस ५ घाला.

प्रश्न: पुण्याच्या डेसिबेल्सचा स्पेक्ट्रम प्लस हा टीव्हीला जोडायचा जुना घरगुती कॉम्प्युटर आहे. त्याला हार्ड डिस्क लागते का? (वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर: हार्ड डिस्कच्या जागी मागच्या एज कनेक्टरवर डिव्हएमएमसी (एसडी कार्ड वाचणारं जोडयंत्र) लावा, एसडी कार्ड चालतं. कार्ड फॅट३२ करून त्यावर चालणाऱ्या ईएसएक्सडॉस या सिस्टिमचे बिन, सिस आणि टीएमपी हे फोल्डर मुळाशी टाकायचे. वीज चालू असताना कनेक्टर घालू-काढू नका, आतले चिप जळतात. आणि अडॅप्टर बदलला असेल तर बघा, या मशीनला ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन ऋण असते, बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरच्या उलटी.

प्रश्न: ३८६ मध्ये डिस्क बसवली, चालली. पण रोज सकाळी सेटअप विसरतं. डिस्क खराब आहे का? (वाचक, चिकोडी)

उत्तर: डिस्क नव्हे, बॅटरी. कीबोर्डच्या कनेक्टरजवळची ३.६ व्होल्टची निळी निकेल-कॅडमियम बॅटरी आजच कापून काढा. तिच्यातून अल्कली गळते आणि शेजारच्या, बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाते. हिरवट-पांढरी पूड दिसली तर पांढऱ्या व्हिनेगरने ब्रशने पुसा, मग पाण्याने, मग अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळल्याशिवाय वीज देऊ नका. बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी ४ पिनांची जागा असेल तर तीन पेन्सिल सेलचा होल्डर तिथे लावा, ४.५ व्होल्ट होतात, आणि जंपर ‘एक्स्टर्नल’वर करा. तशी जागा नसेल आणि जुन्या बॅटरीच्याच भोकांत बटण सेल टाकणार असाल तर मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच, नाहीतर बोर्ड त्या सेलला चार्ज करायला जातो आणि सेल फुटतो. डायोडवर पट्टा असलेली बाजू बोर्डाच्या धन टोकाकडे.