जगाच्या अंतकाळावरच्या ख्रिस्ती कादंबऱ्यांबद्दल वाचकांचे मत इतके टोकाचे का असते?

याचे मुख्य कारण असे की हे वाचक एकच पुस्तक वाचत असले तरी कुणी त्याकडे कादंबरी म्हणून पाहतो, तर कुणी येऊ घातलेल्या घटनांचे वेळापत्रक म्हणून.

टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांच्या 1995 साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'लेफ्ट बिहाइंड' या कादंबरीमालिकेचेच उदाहरण घ्या. अटलांटिकवरून रात्री उडणाऱ्या विमानातले काही प्रवासी अचानक नाहीसे होतात आणि आसनांवर फक्त त्यांचे कपडे उरतात. श्रद्धावान वाचकाला या प्रसंगात बायबलमधील थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय, म्हणजे विश्वासणारे प्रभूला भेटण्यासाठी वर उचलले जातील हे वचन, दिसतो आणि 'मी मागे राहिलो तर?' ही भीती त्याला मनापासून छळते. काहींनी तर या वाचनानंतरच आपण विश्वासाकडे वळल्याचे सांगितले आहे. मात्र ज्या ख्रिस्ती परंपरा प्रकटीकरण हे बायबलमधील शेवटचे पुस्तक प्रतीकात्मक मानतात, त्यांतील वाचकांचा आक्षेप मुळावरच असतो, कारण महासंकटापूर्वी, म्हणजे जगाच्या अंताआधीच्या भीषण काळापूर्वी, विश्वासणारे गुपचूप उचलले जातील, ही मांडणी प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांच्यामुळे रुजली. साहित्यिक तक्रारी, म्हणजे सपाट पात्रे आणि उपदेशाने लांबलेले संवाद, मला रास्त वाटतात.

त्याहून गंभीर आक्षेप करुणेचा आहे: जगाचा संहार रोमांचक करून दाखवताना मरणाऱ्यांचे दुःख केवळ पार्श्वभूमी ठरते, आणि लहानपणी ही भीती अनुभवलेल्या वाचकांचा राग म्हणूनच समजून घेण्यासारखा आहे.