पहिला लाइटसेबर (‘स्टार वॉर्स’मधली प्रकाशाची तलवार) करतोयस ना?

जुना ग्राफ्लेक्स, म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा, हाती लागला तरी त्याला करवत लावू नकोस रे! 1977च्या ‘स्टार वॉर्स’साठी सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांनी लंडनच्या दुकानातून तलवारीच्या मुठीसाठी हाच दांडा उचलला होता, आता असे बनत नाहीत. तू प्रतिकृतीची नळी विकत घे. नळीला आवळणाऱ्या क्लॅम्पमधली भिंगांची पट्टी जुन्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची, तीही तयार मिळते.

पकडीच्या पट्ट्या मात्र घरीच काप. कागद नळीभोवती गुंडाळ, पट्ट्या असतील तेवढ्या सारख्या घड्या घाल आणि त्या रेषा पेन्सिलने नळीवर उतरव. इन्स्टंट गोंद नको. त्याच्या वाफेने चकचकीत क्रोमवर पांढुरकी झाक बसते. माझी पहिली नळी अशीच गेली. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लाव, म्हणजे वाकडी बसलेली पट्टी सोलून पुन्हा लावता येईल.