रविवारी मिस्साला जातो, पण मन लागत नाही. मग ‘सदैव तयार असा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, मन भरकटतं, पाच-सहा वर्षांत कन्फेशनला, म्हणजे फादरजवळ पापांची कबुली द्यायला, गेलेला नाहीत, आणि आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या आठवड्यांत, फादर ‘जागे राहा’ म्हणाले की ते आपल्यालाच बोलतायत असं वाटतं. मी धर्मगुरू नाही. वसईत राहणारा, रोज चर्चगेट लोकलला लोंबकळणारा माणूस. त्यामुळे उत्तर घरातलंच देतो.

आमच्या आजीच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात घडी घातलेलं पांढरं कापड, लाकडी क्रूस, दोन मेणबत्त्या, काडेपेटी आणि खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत भरलेलं पवित्र पाणी. घरात कोणी अंथरुणाला खिळलं आणि फादर प्रार्थना करून आजाऱ्याला पवित्र तेल लावायला आले, तर ऐनवेळी शोधाशोध नको म्हणून. उन्हाळ्यात मेणबत्त्या वाकायच्या, पावसाळ्यात काड्या सादळायच्या. ती कुणाला न सांगता बदलून टाकायची. आम्ही पोरं त्याला ‘मरणाचा डबा’ म्हणायचो आणि हात लावायला घाबरायचो.

आजी गेली, डबा तसाच राहिला.

मग वडिलांना अर्धांगाचा झटका आला. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर आई म्हणाली, फादरना बोलाव. मी अडवलं. म्हटलं, फादर दारात दिसले तर बाबांना वाटेल आपलं संपलं. दहा दिवस असेच घालवले. ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे, आणि तिला कारणही आहे. तेल लावण्याचा हा संस्कार पूर्वी ‘शेवटचं तेल’ म्हणूनच ओळखला जायचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, सांगितलं की तो केवळ मरणाच्या दारातल्या माणसासाठी नाही, आणि 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधीही नव्याने मांडला. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनच्या आधी, म्हातारपणाने फार थकल्यावर तो घेता येतो. आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. हे मला नंतर कळलं. वयाची चाळिशी ओलांडलेला, पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे आमच्या चर्चच्या सल्लागार मंडळावर, बसलेला मी!

शेवटी फादर आले. मी डबा काढला तर एक मेणबत्ती वितळून कापडाला चिकटलेली, बाटली कोरडी. फादर हसून म्हणाले, ‘राहू दे रे, माझ्याकडे आहे सगळं.’ मग बाबांनीच हाताने खूण केली, सगळे बाहेर जा. आम्ही ओटीवर उभे. आत बाबांचं कन्फेशन चाललं होतं. काय बोलणं झालं ते फादर कधी सांगणार नाहीत, ती गुप्तता मोडता येतच नाही. पाऊण तासाने आत बोलावलं, फादरनी बाबांच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं, आम्ही ‘आमच्या स्वर्गातील बापा’ म्हटलं. ते संपताच बाबांनी चहा मागितला. वाचा अजून अडखळत होती, पण ‘साखर घाल’ स्पष्ट ऐकू आलं. पुढे ते चार वर्षं जगले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तयारी म्हणजे मनात सतत काहीतरी पेटलेलं असणं, असं तुम्ही धरून चाललाय. बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायातली, दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारिकांची गोष्ट पुन्हा एकदा वाचा. वराला उशीर झाला तेव्हा दहाच्या दहा जणी झोपल्या, शहाण्या पाचसुद्धा. झोपल्याबद्दल कुणाला बोल लागलेला नाही. फरक पडला तो दिव्याच्या तेलाने, आणि शहाण्यांचं तेल झोपायच्या आधीच भरून ठेवलेलं होतं.

आजीच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायचा. तिला त्यातला एक शब्द कळत नव्हता. ती मागे बसून जपमाळ ओढायची, मध्येच केळीच्या वाडीला पाणी सोडलं की नाही हेही आठवत असणार. तिला कुणी विचारलं असतं, ‘मन लागतं का?’ तर तिला प्रश्नच समजला नसता. ती जायची, बस. तुम्ही आणि मी मराठीत मिस्सा ऐकतो, वाचनं कळतात, आणि वर अनुभव आला नाही म्हणून खट्टू होतो.

खरा धोका मला भरकटलेल्या मनापेक्षा कामाच्या गडबडीत जास्त दिसतो. एका वर्षी चर्चच्या सणाच्या मंडपाचा हिशेब माझ्याकडे होता. तीन महिने रोज चर्चच्या आवारात होतो आणि एकदाही गुडघे टेकले नाहीत. वर लोक म्हणत होते, काय भाविक माणूस आहे!

तर रात्री झोपताना एक नमो मरिया, ती मरियामातेची छोटी प्रार्थना, म्हणा, एकच. त्यात ‘आता’ आणि ‘मरणाच्या वेळी’ या दोनच वेळा मागितल्या आहेत, सकाळच्या लोकलमध्येही तेवढ्याने भागतं. घरात कोणी आजारी असेल तर फादरना लवकर कळवा, माझ्यासारखं करू नका.

आणि कन्फेशन. गंभीर पापांची कबुली वर्षातून निदान एकदा द्यावी असा चर्चचा नियम आहे, तुमची पाच-सहा वर्षं झालीत, तर लाजून आणखी एक वाढवू नका. ओळखीच्या फादरसमोर अवघड वाटत असेल तर शेजारच्या पॅरिशमध्ये जा. ‘फार वर्षं झाली, कसं करायचं विसरलोय’ एवढंच म्हणा, पुढचं ते विचारून घेतात. फक्त पवित्र आठवड्याची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्याची, वाट पाहू नका. तेव्हा रांग दारापर्यंत असते आणि मागचा माणूस घड्याळ बघत असतो. एखादा साधा शनिवार गाठा, संध्याकाळच्या मिस्साआधी अर्धा तास.