थ्रीडी प्रिंटचा पार्ट हलका पण मजबूत हवा असेल तर आत मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी भरावी का?

भरा, पण आधी लोड कुठल्या दिशेने येणारे ते बघा. मी बघितलं नव्हतं. ड्रोनचा हात (मोटर धरणारी दांडी) नायलॉनमध्ये प्रिंट केला, आत षटकोनी जाळी, आणि प्रिंटला सोपं म्हणून पार्ट कुशीवर झोपवला त्यामुळे भोकं आडवी आली. वजन मस्त कमी झालं, पण पहिल्याच जोरात लँडिंगला हात मोडला, आणि तुकडा हातात घेऊन बघतो तर मोडल्या जागेजवळचे षटकोन सगळे एकाच बाजूला कलंडून चपटे झालेले.

पोळ्याचं असंय, भोकांच्या दिशेने दाबलं तर भिंती सरळ दाब घेतात, आडवं दाबलं की त्याच भिंती वाकतात. भिंतीची जाडी लांबीच्या 1/10 असेल तर दोन दिशांच्या कडकपणात साधारण 50 पट फरक पडतो! आणि मधमाशीला मेण वाचवायचं असतं (षटकोनात सगळ्यात कमी भिंत लागते हे गणितज्ञ हेल्सने 1999 मध्ये सिद्ध केलं), ड्रोन उडवायचा नसतो. हल्ली सगळे जायरॉइड जायरॉइड करतात (सलग वळणदार पृष्ठभागाची जाळी), फुलपाखराच्या पंखात तो सापडतो खरा, पण तिथे तो रंगासाठी असतो, ताकदीसाठी नाही.

नक्कल करायचीच तर हाडाची करा. मांडीचं हाड वरच्या टोकाला उभं कापलं की आत बारीक काड्यांची जाळी दिसते, पण ती सगळीकडे सारखी नसते, जिथून ताण आणि दाब जातो तिथे दाट आणि बाकी विरळ. 19व्या शतकात कुलमन नावाच्या इंजिनिअरला त्यात क्रेनमधल्या ताणाच्या रेषाच दिसल्या होत्या. म्हणजे आधी लोडचं सिम्युलेशन, मग त्याप्रमाणे जाळी दाट-विरळ, आणि बाहेरचं कवच जाड ठेवा कारण वाकताना सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो.

कडकपणा हवा असेल तर त्रिकोणांची जाळी घ्या, जसं ऑक्टेट, त्यात प्रत्येक सांध्याला 12 काड्या येतात. मटेरियल निम्मं केलं तर कडकपणाही साधारण निम्मा होतो, ज्या जाळीत काड्या किंवा भिंती वाकतात तिच्यात मात्र तो पावावर येतो. अर्थात धक्का शोषायचा असेल तर वाकणारीच बरी.

जाळीच्या सांध्यांना गोलाई द्याच, टोकदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो, आणि हाड स्वतःची डागडुजी करतं, नायलॉन नाही करत. आणि पावडरवाला प्रिंटर असेल तर कवचाला भोक ठेवा, नाहीतर पावडर आतच अडकते आणि वाचवलेलं वजन परत येतं.