जर्मनीतल्या नॉर्डफ्रीसलांड जिल्ह्याच्या मानचिन्हावर तीन जहाजं का आहेत?

तीन जहाजं म्हणजे तीन जुने जिल्हे: हूझुम, झ्यूडटोंडर्न आणि आयडरश्टेट. डेन्मार्कच्या सीमेला लागून असलेला हा ग्रामीण जिल्हा १९७० साली त्यांच्या एकत्रीकरणातून झाला. पण चित्र जवळून बघा, खरा अर्थ शिडांवर आहे. निळ्यावर सोनेरी जहाजं, आणि एकेका शिडावर लाल रंगात शेतीचा नांगर, मासा अन् बैलाचं डोकं. शेती, मासेमारी, गुरं. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या यांवरच जगली. मला सगळ्यांत भावतो तो बैल. समुद्राला बांध घालून मिळवलेल्या कुरणांवर पोसलेली गुरं १९व्या शतकात इथल्याच ट्योनिंग बंदरातून जहाजानं थेट इंग्लंडला जायची. त्यामुळे शिडावरचा बैल मला अगदी आपल्या जागी वाटतो.