इंग्लंडात खड्ड्यात गाडीचं अलॉय व्हील वाकलं, काउन्सिलने क्लेम फेटाळला, आता काय करू?

पहिलं उत्तर बहुतेक वेळा नकाराचंच येतं, त्यावर गप्प बसू नका. ते हायवेज अ‍ॅक्ट १९८० चं कलम ५८ पुढे करतात, म्हणजे काय तर आम्ही रस्ता वेळच्या वेळी तपासत होतो, आमची चूक नाही. मग तुम्ही एफओआय (म्हणजे तिथला माहिती अधिकाराचा अर्ज) टाकून त्या रस्त्याचं इन्स्पेक्शन रेकॉर्ड आणि आधीच्या तक्रारी मागवा, २० कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना. तुमच्या आधीच कोणी तो खड्डा कळवलेला निघाला आणि हे ढिम्म बसले होते असं दिसलं की त्यांचा बचाव लंगडा पडतो. फोटोत खड्ड्याची खोली दिसायला हवी, टेप ठेवलेली असेल तर उत्तमच, कारण बऱ्याच ठिकाणी ४० मिलिमीटरच्या आतला खड्डा ते खड्डा धरतच नाहीत (टायर मात्र फुटतो!). आणि मोटरवेवर झालं असेल तर क्लेम काउन्सिलकडे नाही, नॅशनल हायवेजकडे, म्हणजे मोटरवे सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीकडे.